कुस्तची तिजारत : मूळ राहिले तरच व्यापार राहील

अत्तरे आणि काष्ठौषधी विकणाऱ्या कोणत्याही जुन्या दुकानात जाऊन 'कुस्त' मागा. दुकानदार बरणीतून किंवा पोत्यातून वाळलेल्या मुळाचे तुकडे काढून देईल. वरून सुरकुतलेले, करड्या-तपकिरी रंगाचे, बोटाएवढे किंवा त्याहून जाड. तुकडा मोडला की आधी गोडसर फुलासारखा वास येतो आणि मागाहून ओल्या लोकरीसारखा उग्र वास नाकात राहतो. वैद्य याला कोष्ठ किंवा कुष्ठ म्हणतात, जुने व्यापारी उपलेट म्हणतात, हिंदी मुलखात ते कूठ आणि आमच्या हकीम मंडळींचे कुस्त. अरबस्तानातून उमरा करून येणारे कित्येक लोक तेथील बाजारातून 'कुस्त-ए-हिंदी'ची पुडी मोठ्या श्रद्धेने घेऊन येतात. जे मूळ मुळात हिंदुस्थानच्या डोंगरातले, ते सातासमुद्रापार जाऊन पुन्हा हिंदुस्थानात येते, ही गोष्ट त्यांच्या लक्षात क्वचितच येते.

त्याहून कमी लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट म्हणजे ज्या डोंगरावर हे झाड आपोआप उगवते तेथून ते जवळजवळ नाहीसे झाले आहे. जगातील निसर्गसंवर्धन संघटनेच्या, म्हणजे आययूसीएनच्या लाल यादीत कूठ 'अतिसंकटग्रस्त' वर्गात आहे. त्यापुढचा वर्ग रानातून नामशेष झालेल्यांचाच. आम्ही कापडाचे व्यापारी. औषधाच्या धंद्यात आमचे भांडवल नाही. तरी व्यापाराच्या या पानावर कुस्तवर लिहावेसे वाटले, कारण या एका मुळाच्या इतिहासात व्यापाऱ्याने शिकण्यासारखे बरेच काही आहे. शिवाय आमच्या समाजात या मुळाची मागणी धर्मश्रद्धेमुळे आहे, म्हणून त्याची जबाबदारीही इतरांपेक्षा आपल्यावर जास्त येते.

नावांचा घोटाळा

प्रथम माल ओळखावा, मग भाव करावा, हा बाजाराचा पहिला धडा. कुस्तच्या बाबतीत नावांचा फार घोटाळा आहे. शास्त्रीय भाषेत या झाडाला आज सॉस्युरिया कॉस्टस म्हणतात, जुन्या पुस्तकांत सॉस्युरिया लप्पा असे नाव सापडते. सूर्यफुलाच्या कुळातले हे झाड. माणसाएवढे किंवा त्याहून उंच वाढते, खालची पाने हातभर लांब असतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्याला गर्द जांभळ्या फुलांचे काटेरी गेंद येतात. समुद्रसपाटीपासून साधारण २,५०० ते ४,००० मीटर उंचीवरच्या दमट उतारांवर ते वाढते. त्याचे मूळ वतन काश्मीर आणि त्याच्या आसपासच्या दऱ्या, म्हणजे झेलम, किशनगंगा आणि चिनाब यांच्या वरच्या अंगाचा मुलूख.

आता आपल्या कोकणात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात पांढऱ्या फुलांचे पेव उगवते. इंग्रजी पुस्तकांत त्याचेही नाव 'कॉस्टस' असे लिहिलेले असते. नावावरून कित्येकांनी त्यालाच कुस्त समजून घेतले. हे आल्या-हळदीच्या जवळचे झाड आहे, कुस्तशी त्याचा काही संबंध नाही. दुसरा घोटाळा पुष्करमुळाचा. तेही हिमालयातले, तेही सूर्यफुलाच्याच कुळातले आणि सुकल्यावर मूळ बरेचसे सारखे दिसते. कूठमध्ये पुष्करमुळाची भेसळ ही बाजारातली फार जुनी तक्रार आहे. तिसरा घोटाळा भाषेचा. कुष्ठ म्हटले की मराठी माणसाला महारोग आठवतो आणि कुस्त म्हटले की उर्दू जाणणाऱ्याला 'कुश्ता', म्हणजे धातूची भस्मे, आठवतात. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, म्हणून एवढे सांगू शकतो की कुश्ता 'काफ-शीन'ने लिहितात आणि कुस्त 'बडा काफ, सीन, तोय' या तीन अक्षरांनी. औषधाच्या चिठ्ठीत या दोहोंची अदलाबदल झाली तर परिणाम गंभीर होईल.

युनानी बाजारात कुस्तचे शीरीं आणि तल्ख, म्हणजे गोड आणि कडू, असे दोन प्रकार सांगतात. ग्रंथांत पांढरा बहरी आणि काळा हिंदी असाही भेद आहे. ही वेगवेगळी झाडे की एकाच मुळाच्या प्रती, यावर हकिमांत आणि विद्वानांत जुना वाद आहे. व्यापाऱ्याने त्यात न पडता एवढेच करावे की आपण विकतो ते मूळ कोणत्या झाडाचे आहे, हे जाणकाराकडून खात्री करून घ्यावे.

दोन हजार वर्षांचा बाजार

संस्कृत 'कुष्ठ', ग्रीक 'कोस्टोस', लॅटिन 'कॉस्टस' आणि अरबी 'कुस्त' हा एकाच शब्दाचा प्रवास आहे आणि तो मालाबरोबरच झाला. अथर्ववेदात हिमालयावर जन्मलेल्या या वनस्पतीला ताप घालवणारी म्हणून आळवले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहितीवही लिहिली. ती 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध आहे. सिंधूच्या मुखावरच्या बार्बारिकॉन बंदरातून आणि भडोचहून कॉस्टस परदेशी जात असे, हे तीत नोंदलेले आहे. भडोचला हा माल उत्तरेच्या डोंगरांकडून येई.

महाराष्ट्रातल्या वाचकांना यात आणखी एक गोष्ट सापडेल. त्याच वहीत पैठण आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, यांचाही उल्लेख आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून साधे कापड, मलमल वगैरे माल गाड्यांवर लादून खडतर वाटांनी भडोचला जात असे. काश्मीरचे मूळ आणि मराठवाड्याचे कापड एकाच धक्क्यावर, कदाचित एकाच जहाजात चढत होते. रोमचा प्लिनी आणि औषधींवर लिहिणारा डायोस्कोरिडीस या दोघांच्याही ग्रंथांत कॉस्टस आहे. देवळातले धूप, राजवाड्यातली उटणी आणि वैद्याचा बटवा या तिन्ही ठिकाणी त्याला गिऱ्हाईक होते.

पुढे इस्लामी जगात कुस्तला वेगळेच स्थान मिळाले. सहीह बुखारीच्या 'किताबुत्तिब'मध्ये हजरत उम्मे कैस (र.) यांच्या रिवायतीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ऊद-ए-हिंदी, म्हणजे कुस्त, वापरण्यास सांगितल्याचा उल्लेख आहे. घशाच्या विकारात नाकावाटे आणि बरगडीच्या दुखण्यात तोंडाच्या एका बाजूने देण्याची पद्धतही तेथे आली आहे. इब्न सीनाच्या 'कानून'मध्येही हे औषध आहे. ज्या मुळाचे नाव हदीसमध्ये आले आहे त्याच्याकडे मुसलमान साध्या किराणा मालासारखा पाहू शकत नाही.

इंग्रजी अमलात हा व्यापार कोलकाता आणि मुंबईच्या बंदरांतून चालू राहिला. मोठे गिऱ्हाईक चीन. तेथे याला 'मु श्यांग' म्हणतात. पोटाच्या औषधात तर ते लागेच, पण देवापुढे जाळण्याच्या उदबत्त्यांत त्याचा फार मोठा खप होता. गंमत अशी की युरोपातल्या विद्वानांना प्राचीन कॉस्टस म्हणजे नेमके कोणते झाड हे १९व्या शतकापर्यंत ठाऊक नव्हते. सहारनपूरच्या सरकारी बागेचे प्रमुख ह्यू फाल्कनर काश्मीरला गेले, त्यांनी झाड पाहिले आणि १८४०च्या दशकात जगाला सांगितले की काश्मीरचे कूठ हाच तो कॉस्टस. बाजाराला जे दोन हजार वर्षे माहीत होते ते पुस्तकांत तेव्हा आले.

शालीच्या घडीत कूठ

आमच्या धंद्याचा आणि कूठचा थेट संबंध येथे येतो. लोकरी मालाचा मोठा शत्रू कसर. सुती थानाला ओल आणि उंदीर यांचे भय, पण पश्मिन्याची शाल कसरीने एका मोसमात चाळणी होऊ शकते. डांबराच्या गोळ्या बाजारात येण्याच्या फार आधीपासून काश्मीरचे व्यापारी शालींच्या घड्यांत आणि गाठोड्यांत कूठचे तुकडे ठेवीत. त्याच्या उग्र वासाने कीड दूर राहते. घराघरांतही गरम कपड्यांच्या पेटीत याच्या पुड्या असत. शाल विकत घेणाऱ्याच्या नाकाला तो वास अस्सल काश्मिरी मालाची खूण वाटे.

याच वासामुळे युरोपात कूठच्या तेलाला अत्तराच्या कारखान्यांत मागणी आली. पण त्या तेलाने कित्येकांच्या त्वचेवर पुरळ आणि दाह होतो असे आढळले आणि सुगंधी द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कूठच्या मुळाचे तेल अत्तरात वापरण्यास मनाई केली. ज्या अत्तरवाल्या बंधूंना परदेशी माल पाठवायचा आहे त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

औषध म्हणून किती खरे

युनानी पद्धतीत कुस्तचा मिजाज गरम आणि खुश्क मानतात. कफ पातळ करणे, खोकला व दमा, पोटातला वात, सांधेदुखी यांवर ते चालते. प्रसिद्ध 'जवारिश जालीनूस'मध्ये कुस्त-ए-शीरीं हा एक घटक आहे. 'रोगन-ए-कुस्त' लकवा, फालिज आणि सांध्यांच्या दुखण्यावर चोळायला देतात. आयुर्वेदात कुष्ठ हे उष्ण, वात आणि कफ कमी करणारे. चरकाच्या 'लेखनीय' गणात त्याची गणना आहे. तिबेटी आणि चिनी वैद्यकातही ते आहे. चार-पाच वैद्यकांनी एकच मूळ शेकडो वर्षे वापरात ठेवले, ही लहान गोष्ट नाही.

आधुनिक प्रयोगशाळांनी या मुळातून कॉस्ट्युनोलाइड आणि डिहायड्रोकॉस्टस लॅक्टोन ही दोन मुख्य द्रव्ये वेगळी काढली आहेत. काचेच्या नळीत आणि प्राण्यांवर त्यांचे सूज कमी करण्याचे व इतर परिणाम पुष्कळ तपासले गेले आहेत. परंतु नळीतला परिणाम आणि माणसाच्या अंगातला गुण यांत मोठे अंतर असते. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत मोबाईलवरून कुस्तचे संदेश भरपूर फिरले आणि मागणी वाढली. कोरोना कुस्तने बरा होतो असे कोणत्याही मोठ्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. हदीसवर श्रद्धा ठेवणे वेगळे आणि हदीसचे नाव घेऊन पुडी विकणे वेगळे. गरोदर स्त्रियांनी हे औषध हकिमाच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये, कारण ते मासिक स्राव आणणारे मानले आहे. ज्यांना झेंडू-शेवंतीसारख्या फुलांनी अंगावर पित्त उठते त्यांनीही जपावे.

भेसळीचा धोका तर जीवघेणा होऊ शकतो. चिनी बाजारात 'मु श्यांग' या नावाच्या पोटात दुसऱ्याच काही झाडांची मुळे विकली जात. त्यांतली काही आपल्याकडच्या सापसणीच्या कुळातली, म्हणजे ॲरिस्टोलोकिया वंशातली. त्यांतल्या आम्लाने मूत्रपिंडे निकामी होतात आणि कर्करोग होतो, हे आता पक्के ठरले आहे. नावाच्या गफलतीने माणूस दगावू शकतो, म्हणून ओळखीशिवाय कुस्तचा माल घेणे हा नुसता तोट्याचा प्रश्न नाही.

झाड का संपले

औषधी झाडांत पान, फूल, फळ, साल, डिंक असे निरनिराळे भाग कामाला येतात. पान खुडले तर झाड पुन्हा फुटते. फळ तोडले तर पुढच्या वर्षी येते. कूठचे मोल मात्र सगळे मुळात. मूळ उपटले की झाड मेले. त्यातही पोसलेले मूळ हवे तर झाडाला काही वर्षे वाढू द्यावे लागते आणि बी पडून खाली रुजावे लागते. खोदणारा मात्र घाईत असतो. आपण ठेवले तर दुसरा नेईल, या भीतीने तो बी पडण्याआधीच उकरतो. मुळाबरोबर पुढच्या पिढीचे बीही जाते. शिवाय या झाडाचा मुलूख आधीच चिंचोळा, वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली. त्यावर गुराढोरांची चराई. अशा ठिकाणी एकदा रिकामी झालेली जागा सहजासहजी भरत नाही.

डोंगरातल्या गरिबाला आम्ही दोष देत नाही. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत वर्षाचे मीठ-तेल मिळवायचे असते. त्याच्या हातात पडणारा पैसा आणि शहरातल्या बरणीवरचा भाव यांत किती हात असतात, हे आपल्या पानावर सांगायला नको. कच्च्या मालाच्या प्रत्येक धंद्यात ही साखळी अशीच असते. जो मूळ खोदतो त्याला सर्वांत कमी आणि जो वेष्टन चिकटवतो त्याला सर्वांत जास्त. साखळीच्या शेवटच्या टोकाला भाव कितीही वाढला तरी पहिल्या टोकाला झाड राखण्याचे कारण मिळत नाही.

महाराजांचा मक्ता आणि चीनचा शेतकरी

असे नाही की कोणी जपण्याचा प्रयत्न केला नाही. काश्मीरच्या डोगरा दरबाराने कूठची किंमत ओळखली होती. ते गोळा करणे आणि विकणे यावर सरकारी मक्ता होता. महाराजा प्रतापसिंहांच्या काळात, संवत १९७८ म्हणजे इ. स. १९२१ मध्ये, खास 'कूठ कायदा' झाला. एका झुडपासाठी वेगळा कायदा करावा लागला, यावरून त्यात किती पैसा होता आणि किती चोरी होती हे समजते. परवान्याशिवाय कूठ जवळ बाळगणे हा गुन्हा ठरला.

पण मक्त्याने तिजोरी भरली, डोंगर भरला नाही. मक्तेदाराचे लक्ष आपला वाटा चुकू नये इकडे होते, नवे झाड लागावे इकडे कमी होते. आणि एकाच घरात माल कोंडून ठेवला की गिऱ्हाईक दुसरे घर शोधते, हा बाजाराचा नियम येथेही लागू पडला. चीनने युनान प्रांताच्या उंच भागात कूठची लागवड सुरू केली. आज चीनमध्ये हे मोठे शेतीचे पीक आहे आणि 'युनानचे मु श्यांग' या नावाने विकले जाते. जो आपला सर्वांत मोठा खरेदीदार होता तो स्वतः पिकवणारा झाला. कापडाच्या धंद्यात मँचेस्टरने आपल्याशी जे केले ते आपण शाळेत वाचतो. येथे कोणी जबरदस्ती केली नव्हती. आपण लावले नाही, त्यांनी लावले, इतकेच.

लाहौलचा धडा

हिंदुस्थानातही लागवड झाली आणि तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हिमाचलमधील लाहौल खोऱ्यात गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात शेतकऱ्यांनी कूठ शेतात लावायला सुरुवात केली. चंद्रा आणि भागा नद्यांच्या काठची ही कोरडी, थंड जमीन. वर्षाला एकच पीक आणि त्या काळी रोहतांगच्या खिंडीवरून खेचरांवर लादून माल खाली आणावा लागे. असा माल हलका आणि भारी किमतीचा असेल तरच परवडतो. कूठ नेमके तसे होते. बी पेरावे, दोन-तीन वर्षे राखावे, पाने सुकू लागली की शरदात मुळे खणून, धुऊन, तुकडे करून वाळवावीत. लाहौलच्या कित्येक घरांत पहिला रोख पैसा कूठने आणला.

पुढे चीनचे राजकारण बदलले, तिकडची मागणी आटली आणि भाव कोसळले. लाहौलच्या शेतकऱ्याने बटाटा, वाटाणा आणि फुलकोबी धरली. त्यांचे पैसे त्याच हंगामात हातात येतात. त्याला चूक कोण म्हणेल? तीन वर्षे जमीन अडकवून भावाची खात्री नसेल तर आम्हीही तेच केले असते. आजही लाहौलात आणि उत्तराखंडच्या चमोलीसारख्या उंच भागांत काही शेतकरी कूठ लावतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलचा माल मनालीला उतरवणे सोपे झाले आहे. केंद्र सरकारने २००० साली स्थापन केलेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या योजनांत कूठच्या लागवडीला अनुदानही ठेवले होते. म्हणजे बियाणे आहे, माहिती आहे, रस्ता आहे. खात्रीचे गिऱ्हाईक तेवढे कमी आहे.

कायदा काय सांगतो

आता व्यापाऱ्याने कायदा नीट समजून घ्यावा. संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' नावाचा करार आहे. कूठ त्यात १९७५ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात आणि १९८५ मध्ये पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात गेले. याचा अर्थ रानातून खोदलेल्या कूठचा व्यापारासाठी देशाबाहेर व्यवहार बंद. शेतात लावलेल्या कूठला मुभा आहे, पण तो लावलेलाच आहे असे दाखवणारे कागद आणि परवाना पाहिजे. मूळ बोलत नाही. रानातले आणि शेतातले सुकल्यावर सारखेच दिसते. म्हणून येथे कागद हाच मालाचा जीव.

देशात १९९१च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पती आल्या. त्या वेळच्या सहाव्या अनुसूचीत अवघ्या ६ नोंदी होत्या आणि त्यांत कूठ होते. वनजमिनीतून अशी वनस्पती उपटण्यास बंदी आहे, लागवडीला परवाना लागतो आणि विक्रीचा धंदा करायलाही परवाना लागतो. २०२२च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची फेररचना झाली आहे, म्हणून जुन्या पुस्तकावर विसंबू नये, वनखात्याकडून ताजी माहिती घ्यावी. २०१९च्या फेररचनेनंतर जम्मू-काश्मीरलाही हा केंद्रीय कायदा लागू झाला. परदेशातून पुडी आणणाऱ्या यात्रेकरूंनीही समजावे की सीमेवर अशा मुळाला परवाना विचारला जाऊ शकतो. अज्ञान हा कोठेही बचाव नसतो.

शहातूस की पश्मिना

आमच्या धंद्यातले एक उदाहरण देतो. शहातूस आणि पश्मिना ही दोन्ही काश्मीरच्या विणकराच्या हातची कमाल. पण पश्मिना लडाखच्या चांगथांगमधल्या बकरीची. उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या अंगाची लव विंचरून काढतात, बकरी जिवंत राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा लव देते. शहातूस तिबेटच्या पठारावरच्या चिरू हरणाची. तिच्यासाठी हरीण मारावेच लागते. १९७९ मध्ये चिरू साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात गेला, २००२ मध्ये जम्मू-काश्मीर सरकारनेही त्याला पूर्ण संरक्षण दिले आणि शहातूसचा धंदा बंद झाला. त्या वेळी विणकरांचे हाल झाले हे खरे. पण पश्मिना टिकली, २००८ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांकाची खूण मिळाली आणि आज अस्सल पश्मिन्याला खूण पाहून गिऱ्हाईक भाव देते.

रानातले कूठ हे औषधाच्या बाजारातले शहातूस आहे. जीव घेतल्याशिवाय ते हाती येत नाही. शेतातले कूठ पश्मिना होऊ शकते. फरक एवढाच की त्यासाठी व्यापाऱ्याने दोन्हींत भेद करायला हवा. आज बाजारात दोन्ही एकाच पोत्यात, एकाच भावाने विकले गेले तर राखून लावणारा शेतकरी हरतो आणि चोरून खोदणारा जिंकतो.

व्यापारी बंधूंनी काय करावे

पहिली गोष्ट, कुस्तचा माल लागवडीच्या दाखल्याशिवाय घेऊ नये. घाऊक व्यापारी दाखला देत नसेल तर तो माल कितीही स्वस्त असला तरी महाग आहे. दुसरी, पुष्करमूळ पुष्करमूळ म्हणून विकावे, कुस्त म्हणून नव्हे. ते स्वतः चांगले औषध आहे, त्याला खोटे नाव देण्याची गरज नाही. तिसरी, युनानी औषधे बनवणाऱ्यांनी लाहौल किंवा चमोलीच्या शेतकरी गटांशी तीन वर्षांचा करार करून भाव आधी ठरवावा. कापसात आणि उसात करार होतात, तर दोन क्विंटल मुळात का नाहीत? तिबियाचे शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना खऱ्या-खोट्या कुस्तचे नमुने हातात देऊन ओळखायला शिकवावे. आणि गिऱ्हाइकाने उगीच शंभर रोगांवर एक पुडी म्हणून कुस्त घेऊ नये. हकिमाने सांगितले तेवढे घ्यावे. वाया गेलेला प्रत्येक तुकडा एक आख्खे झाड असतो.

उर्दू-अरबी लिपीत कुस्त लिहिण्याची जी तीन अक्षरे, त्याच तीन अक्षरांनी 'किस्त' लिहितात. त्याचा एक अर्थ इन्साफ. कुरआन शरीफच्या सूरह रहमानमध्ये तराजू नीट धरण्याचा हुकूम आहे, तेथे हाच शब्द आला आहे. दुसरा अर्थ हप्ता, ठरल्या मुदतीने फेडायचा वाटा. आमच्या मते कुस्तच्या तिजारतीला हे दोन्ही अर्थ लागू आहेत. तोलताना इन्साफ हवा, तो गिऱ्हाइकाशीही आणि डोंगरातल्या खोदणाऱ्याशीही. आणि दोन हजार वर्षे डोंगराने जे दिले त्याचा हप्ता थकला आहे. तो फेडायचा तर बी पेरूनच. ज्या मुळात शिफा सांगितली आहे ते आपल्या नातवंडांना फक्त किताबात वाचायला मिळू नये, एवढी काळजी आजच्या व्यापाऱ्याने घेतली तर या तिजारतीत बरकत राहील.